सोयाबीन सुधारणा : स्थिर व अधिक उत्पन्नाच्या वाणांचा इतिहास

सोयाबीन या तेलबियांच्या व प्रथिनयुक्त पिकाचे जास्त उत्पन्न देणारे, तसेच निरनिराळ्या हवामानांत, जमिनींत आणि हंगामांत ते उत्पन्न फारसे न ढळू देणारे वाण तयार करण्याच्या प्रयत्नांचा इतिहास विसाव्या शतकात घडला. ग्लायसिन मॅक्स हे शास्त्रीय नाव असलेली ही वनस्पती पूर्व आशियातील ग्लायसिन सोजा या रानटी वेलीपासून चीनमध्ये लागवडीत आली. तिच्या कोशिकांत गुणसूत्रांच्या २० जोड्या असतात. फुलात स्वपरागण होते आणि नैसर्गिक परपरागणाचे प्रमाण साधारणपणे एक टक्क्याहून कमी असते. त्यामुळे एकदा निवडलेला वाण पिढ्यान्‌पिढ्या शुद्ध राहतो. शेतकऱ्याला स्वतःच्या शेतातील बी पुढील वर्षी पेरता येते. मात्र हाच वाण शेजारच्या प्रदेशात किंवा पुढच्या वर्षी तेवढेच उत्पन्न देईल, याची शाश्वती या शुद्धतेमुळे मिळत नाही.

उत्पन्न आणि स्थिरता : अधिक उत्पन्न आणि स्थिर उत्पन्न हे दोन वेगळे गुण आहेत. एखादा वाण भारी जमिनीत व वेळेवर पाऊस झाल्यास पहिल्या क्रमांकावर येतो, पण हलक्या जमिनीत इतरांच्या मागे पडतो. दुसरा वाण कोठेच विक्रमी उत्पन्न देत नाही, परंतु वाईट वर्षातही शेतकऱ्याचा खर्च भरून काढतो. वाणांचा परस्पर क्रम परिस्थितीनुसार बदलणे यास वाण व पर्यावरण यांची परस्परक्रिया म्हणतात. तिचेही दोन प्रकार करावे लागतात. अक्षांश, जमीन, पेरणीची रूढ वेळ यांसारख्या कायम फरकांमुळे उद्‌भवणाऱ्या परस्परक्रियेवर प्रदेशवार वेगळे वाण देऊन मात करता येते. पावसाचा खंड, रोगाची साथ, काढणीच्या वेळचा पाऊस यांसारखे वर्षागणिक होणारे फरक आधी कळत नाहीत. त्यांच्याविरुद्ध वाणाच्या अंगीच सहनशक्ती असावी लागते. सोयाबीन सुधारणेला पहिल्या प्रकारात जेवढे यश मिळाले, तेवढे दुसऱ्या प्रकारात मिळाले नाही.

दिनमानाचे बंधन : अमेरिकेत सोयाबीन १७६५ मध्ये सॅम्युएल बोवेन यांनी जॉर्जियात प्रथम आणले. तथापि पुढील दीड शतक ते मुख्यत्वे वैरणीचे व हिरवळीच्या खताचे पीक राहिले. आशियातून आणलेले काही प्रकार एका राज्यात भरघोस शेंगा धरीत, तर काहीशे किलोमीटर उत्तरेस थंडी पडेपर्यंत हिरवेच राहत. या कोड्याचा उलगडा वाइटमन गार्नर व हॅरी ॲलर्ड या अमेरिकी कृषी विभागातील शास्त्रज्ञांनी केला. वॉशिंग्टनजवळील आर्लिंग्टन येथील प्रक्षेत्रावर त्यांनी बिलॉक्सी या सोयाबीन प्रकाराच्या पेरण्या काही दिवसांच्या अंतराने केल्या. मेच्या प्रारंभी पेरलेली व त्यानंतर कित्येक आठवड्यांनी पेरलेली झाडे सप्टेंबरात जवळजवळ एकाच सुमारास फुलली. सोयाबीन व तंबाखू यांच्या कुंड्या दिवसाचा काही भाग अंधारात ठेवल्यावर फुले लवकर आली. दिवस व रात्र यांच्या लांबीवर फुलोरा अवलंबून असण्याच्या या गुणधर्माला १९२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात मिळालेले नाव मराठीत ‘दीप्तिकालिता’ असे रूढ आहे.

सोयाबीन हे लघुदिनी पीक ठरले. रात्र ठराविक मर्यादेपेक्षा लांबली की ते फुलते आणि ही मर्यादा प्रत्येक प्रकाराची वेगळी असते. त्यामुळे अमेरिकेत एखादा वाण दक्षिणोत्तर सु. १५० ते २५० किमी. रुंदीच्या पट्ट्यातच पूर्ण क्षमतेने वाढतो असे आढळून आले. उत्तरेस नेल्यास तो उशिरा पिकून थंडीत सापडतो. दक्षिणेस नेल्यास अकाली फुलून खुजा राहतो. या निरीक्षणांतून वाणांची विभागणी पक्वता गटांत करण्याची पद्धत निघाली. आज हे गट कॅनडातील अतिलवकर पिकणाऱ्या ‘०००’ गटापासून उष्ण कटिबंधातील दहाव्या गटापर्यंत मोजले जातात. एकच वाण सर्वत्र पेरण्याची कल्पना सोडून देऊन प्रत्येक पट्ट्यासाठी त्याचा वाण, हे तत्त्व येथे प्रथम मान्य झाले.

संग्रह आणि संकर : सुधारणेला लागणारे जननद्रव्य पूर्व आशियात होते. अमेरिकी कृषी विभागाचे पॅलेमन डॉर्सेट व विल्यम मॉर्स यांनी १९२९–३१ या काळात जपान, कोरिया व चीन या देशांत प्रवास करून सोयाबीनचे सु. ४,५०० नमुने जमविले. प्रारंभीचे बहुतेक अमेरिकी वाण अशा आयात नमुन्यांतून सरळ निवड करून मिळालेले होते. १९३६ मध्ये इलिनॉय राज्यातील अर्बाना येथे प्रादेशिक सोयाबीन प्रयोगशाळा स्थापन झाल्यावर कामाला निराळी दिशा मिळाली. मध्य-उत्तरेकडील बारा राज्यांच्या सहकार्याने नियोजित संकर सुरू झाले. प्रत्येक नवा वंश अनेक ठिकाणी, सारख्याच आराखड्याने व तुलनेसाठी तेच वाण बरोबर ठेवून पेरण्याची प्रथा पडली. पुढे दक्षिणेकडील राज्येही तीत सामील झाली. कोणत्याही एका केंद्राच्या आवडीनिवडीवर न विसंबता बहुस्थानी चाचणीवर वाणाचे भवितव्य ठरविणारी ही व्यवस्था या पिकाच्या इतिहासातील एक महत्त्वाचा टप्पा होय.

मँडारिन व मांचू या मांचुरियन मूळ असलेल्या प्रकारांच्या संकरातून निघालेल्या लिंकन या वाणाने १९४० च्या दशकात मध्य-पश्चिमेत जुने वाण मागे टाकले. १९४१ मध्ये अमेरिकेत दाण्यासाठी घेतलेल्या सोयाबीनचे क्षेत्र वैरणीच्या क्षेत्रापेक्षा प्रथमच जास्त झाले. लिंकनपासून क्लार्क हा वाण निघाला. दक्षिणेत मिसिसिपी राज्यातील स्टोनव्हिल येथे एडगर हार्टविग यांनी रोगप्रतिकारक वाणांची मालिका निर्माण केली. १९५४ मधील ली हा तिच्यातील प्रसिद्ध वाण होय. त्याच्या शेंगा पिकल्यावर तडकून दाणे गळत नसत. त्यामुळे यंत्राने काढणी करणाऱ्या शेतकऱ्यांना तो सोयीचा वाटला.

निवडीच्या पद्धतीतही बदल झाला. संकराच्या प्रत्येक पिढीत झाडांची वंशावळ ठेवून निवड करणे खर्चाचे व वेळखाऊ असे. १९६६ मध्ये नॉर्थ कॅरोलायना येथील चार्ल्स ब्रिम यांनी सोयाबीनसाठी निराळी रीत सुचविली. प्रत्येक झाडाचे एकेकच बी पुढील पिढीसाठी घ्यावयाचे, निवड लांबणीवर टाकावयाची आणि वंश पुरेसे शुद्ध झाल्यावर अनेक ठिकाणी त्यांची चाचणी करावयाची, असे तिचे स्वरूप होते. हिवाळ्यात उष्ण प्रदेशात एक-दोन जादा पिढ्या घेता येऊ लागल्याने वाण तयार होण्याचा काळ कमी झाला. त्यामुळे वाचलेला पैसा व श्रम बहुस्थानी चाचण्यांकडे वळविणे शक्य झाले.

झाडाची ठेवण बदलण्याचे प्रयत्न उद्‌बोधक ठरले. ओहायओ राज्यात रिचर्ड कूपर यांनी १९७० च्या दशकात अर्धठेंगणे वाण काढले. सुपीक जमिनीत, दाट पेरणीत व भरपूर ओलाव्यात नेहमीचे उंच वाण लोळत; हे वाण उभे राहत व जास्त उत्पन्न देत. पण कोरड्या किंवा कमी कसाच्या जमिनीत ते इतके खुजे राहत की, त्यांचा फायदा नाहीसा होई. उत्तम परिस्थितीतील उच्चांक गाठणारा गुणच प्रतिकूल परिस्थितीत उणीव ठरतो, याचे हे स्पष्ट उदाहरण आहे.

रोग, सूत्रकृमी व प्रतिकारशक्तीचे आयुष्य : उत्पन्नातील चढउतारांचे मोठे कारण रोग व किडी हे होय. १९५४ मध्ये नॉर्थ कॅरोलायनात सोयाबीनच्या मुळांवर गाठीसारखे पुटक तयार करणारा सूत्रकृमी आढळला. पेकिंग या काळ्या बियांच्या जुन्या प्रकारात त्याविरुद्ध प्रतिकारशक्ती सापडली. प्रतिसंकर करून ती दक्षिणेकडील वाणांत आणली गेली आणि १९६० च्या दशकाच्या मध्यास पिकेट हा प्रतिकारक वाण प्रसृत झाला. पुढे उत्तरेकडील वाणांसाठी पीआय-८८७८८ या एकाच नमुन्यातील प्रतिकारशक्ती इतक्या वाणांत वापरली गेली की, सूत्रकृमीच्या समुदायांत तिला न जुमानणारे गट वाढत गेले. प्रतिकारशक्तीचा उगम एकच असला, तर वाण अनेक असूनही संरक्षण एकपदरीच राहते.

हाच धोका संपूर्ण पिकाच्या बाबतीत संभवतो. १९७० मध्ये अमेरिकेत मक्यावर करप्याची मोठी साथ आली. तिच्या पाठोपाठ १९७२ मध्ये प्रमुख पिकांच्या आनुवंशिक एकसारखेपणाचा आढावा तेथील राष्ट्रीय संशोधन परिषदेने घेतला आणि सोयाबीनचा पाया अरुंद असल्याचे दाखविले. १९४७ ते १९८८ या काळात उत्तर अमेरिकेत प्रसृत झालेल्या २५८ सार्वजनिक वाणांच्या वंशावळींचा अभ्यास १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला. अवघ्या ३५ पूर्वज प्रकारांपासून त्यांचा ९५ टक्क्यांहून अधिक आनुवंशिक वारसा आलेला आढळला.

स्थिरतेचे मापन : स्थिरता हा गुण प्रारंभी अनुभवाने ओळखला जाई. तो संख्येत मांडण्याचा मार्ग फ्रँक येट्स व विल्यम कॉक्रन यांनी १९३८ मध्ये दाखविला. एखाद्या ठिकाणी पेरलेल्या सर्व वाणांचे सरासरी उत्पन्न म्हणजे त्या ठिकाणच्या परिस्थितीचा निर्देशांक मानावयाचा व प्रत्येक वाणाचे उत्पन्न त्या निर्देशांकाशी ताडून पाहावयाचे, अशी ही कल्पना होती. ऑस्ट्रेलियात फिनले व विल्किन्सन यांनी १९६३ मध्ये २७७ सातू प्रकारांवर ती वापरली. एबरहार्ट व रसेल या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९६६ मध्ये मक्यासाठी तिला पूर्ण रूप दिले. त्यांच्या मते इष्ट वाणाची लक्षणे तीन आहेत : त्याची सरासरी उच्च असावी, परिस्थिती सुधारेल त्या प्रमाणात त्याचे उत्पन्न वाढावे म्हणजे समाश्रयण गुणांक एकाच्या आसपास असावा आणि या अपेक्षित रेषेपासून विचलन नगण्य असावे. गुणांक एकाहून बराच जास्त असलेला वाण चांगल्या शेतासाठी योग्य, तर एकाहून कमी असलेला वाण निकृष्ट परिस्थितीत तग धरणारा समजला जातो. भारतातील कृषी विद्यापीठांत सोयाबीनसह अनेक पिकांच्या चाचण्यांचे विश्लेषण दीर्घकाळ याच पद्धतीने होत आले.

परिस्थितीचे सर्व वैविध्य एका सरळ रेषेत मावत नाही, ही या पद्धतीची मर्यादा होय. न्यूयॉर्क राज्यातील सोयाबीन चाचण्यांच्या आधारे झोबेल, राइट व गाउच यांनी १९८८ मध्ये परस्परक्रियेचे घटक वेगळे काढणारी पद्धत मांडली. कोणते वाण कोणत्या ठिकाणी सरस ठरतात, हे त्यामुळे आलेखावर एकत्र दिसू लागले. पद्धत कोणतीही असली, तरी तिचे निष्कर्ष चाचणीच्या ठिकाणांवर व वर्षांवर अवलंबून असतात. चाचणीच्या दोन-तीन वर्षांत न पडलेला दुष्काळ कोणत्याही गणितात येत नाही.

उष्ण कटिबंधाकडे : दिनमानाचे बंधन सैल करण्याचे मोठे कार्य ब्राझीलमध्ये झाले. १९६० च्या दशकापर्यंत तेथील सोयाबीन मुख्यतः दक्षिणेकडील राज्यांत, अमेरिकी वाणांशी मिळत्याजुळत्या अक्षांशांवर होई. विषुववृत्ताकडील सेराडो या विस्तीर्ण गवताळ प्रदेशात दिवस लहान असल्याने ते वाण महिन्याभरात फुलत व झाडे यंत्राने कापता येणार नाहीत इतकी ठेंगणी राहत. लहान दिवसांतही फुलोरा लांबविणारा दीर्घ बाल्यावस्थेचा गुण काही नमुन्यांत आढळला. हार्टविग आणि त्यांच्याकडे अध्ययन केलेले ब्राझीलचे रोमेउ कील यांनी १९७० च्या दशकात त्याचा अभ्यास केला. १९७५ मध्ये लॉन्द्रिना येथे राष्ट्रीय सोयाबीन संशोधन केंद्र स्थापन झाले आणि या गुणाचा वापर करून कमी अक्षांशांसाठी वाण निघू लागले. आम्ल जमिनींना चुना व स्फुरद देणे आणि मुळांवर गाठी करणाऱ्या योग्य जिवाणूंचे संवर्धक वापरणे, यांची जोड मिळाल्यावर सेराडोचे स्वरूप पालटले. २०२० च्या सुमारास ब्राझीलने उत्पादनात अमेरिकेला मागे टाकले. या विस्तारासाठी मूळ वनस्पतिसृष्टीचा मोठा भाग नष्ट झाला, ही त्याची दुसरी बाजू होय.

फुलोऱ्याची वेळ ठरविणाऱ्या ‘ई’ मालिकेतील जनुकांचे वर्णन १९७१ पासून होत गेले. त्यांपैकी प्रमुख अशा ई-१ या जनुकाची रेणवीय ओळख २०१२ मध्ये व दीर्घ बाल्यावस्थेशी निगडित असलेल्या ‘जे’ या जनुकाची २०१७ मध्ये पटली. विल्यम्स-८२ या वाणाचा संपूर्ण जननिक आराखडा २०१० मध्येच प्रसिद्ध झाला होता. प्रजनकांनी शेतात अर्धशतक हाताळलेल्या गुणांना अशा रीतीने रेणूंच्या पातळीवर आधार मिळाला.

भारत : हिमालयाच्या पायथ्याशी व ईशान्येकडील डोंगराळ भागात सोयाबीनची जुनी लागवड आहे. माळव्यात काळ्या बियांचा काळीतूर हा स्थानिक प्रकार प्रचलित होता. १९३५ मध्ये महात्मा गांधींनी वर्ध्याच्या मगनवाडीत आहारातील सोयाबीनचे प्रयोग करविले, परंतु पीक म्हणून त्याचा प्रसार झाला नाही. १९६० च्या दशकात इलिनॉय विद्यापीठाच्या सहकार्याने पंतनगर व जबलपूर येथील कृषी विद्यापीठांत अमेरिकी वाणांच्या चाचण्या झाल्या. १९६७ मध्ये अखिल भारतीय समन्वित सोयाबीन संशोधन प्रकल्प आणि १९८७ मध्ये इंदूर येथे राष्ट्रीय संशोधन केंद्र सुरू झाले. ब्रॅग हा अमेरिकेच्या दक्षिण भागातील वाण भारताच्या अक्षांशांवर चांगला आला आणि पुढील अनेक भारतीय वाणांच्या वंशावळीत त्याचा अंश उतरला.

परदेशी वाणांच्या दोन उणिवा लवकरच उघड झाल्या. उत्तरेकडील मैदानात पांढऱ्या माशीमार्फत पसरणाऱ्या पिवळ्या मोझॅकला ते बळी पडत. पंतनगर येथे या रोगाला प्रतिकार करणाऱ्या नमुन्यांचा उपयोग करून ‘पीके’ मालिकेतील वाण काढण्यात आले. दुसरी उणीव बियाण्याची होती. उष्ण व दमट हवेत साठविलेल्या टपोऱ्या पिवळ्या दाण्यांची उगवणशक्ती पुढील पेरणीपर्यंत टिकत नसे. बारीक काळ्या दाण्यांत ती जास्त टिके. त्यामुळे भारतात स्थिरतेचा विचार शेतातील झाडापुरता मर्यादित ठेवून चालत नाही. पोत्यातील बियाण्याचाही विचार करावा लागतो.

समन्वित प्रकल्पात देशाचे हवामानानुसार विभाग पाडून नवे वंश प्राथमिक व प्रगत अशा टप्प्यांनी सामान्यतः तीन वर्षे पारखले जातात. जबलपूरच्या जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालयाचा जेएस-३३५ हा वाण १९९४ मध्ये अधिसूचित झाला. तो सु. ९५ ते १०० दिवसांत पिकतो, त्याची उगवण चांगली होते व निरनिराळ्या जमिनींत तो समाधानकारक उत्पन्न देतो. या गुणांमुळे तो मध्य प्रदेश, महाराष्ट्र व राजस्थान या राज्यांत अतिशय लोकप्रिय झाला. १९७० च्या सुमारास देशात जेमतेम ३० हजार हेक्टर असलेले सोयाबीनचे क्षेत्र २०१० नंतर एक कोटी हेक्टरांच्या वर गेले.

महाराष्ट्र : राज्यातील विदर्भ व मराठवाडा मध्य विभागात, तर पश्चिम महाराष्ट्राचा दक्षिण भाग दक्षिण विभागात मोडतो. एकाच राज्यातील गरजा त्यामुळे भिन्न आहेत. कृष्णाकाठच्या सांगली-कोल्हापूर भागात १९९० च्या दशकात तांबेऱ्याने मोठे नुकसान केले. तेथे कसबे डिग्रज संशोधन केंद्रातून महात्मा फुले कृषी विद्यापीठाने तांबेऱ्याला तोंड देणारे फुले अग्रणी, फुले संगम, फुले किमया इ. वाण दिले. परभणी येथील विद्यापीठाने मराठवाड्याच्या कोरडवाहू परिस्थितीसाठी एमएयूएस-७१ म्हणजेच समृद्धी, एमएयूएस-१५८, एमएयूएस-६१२ इ. वाण काढले. यांत्रिक काढणीसाठी एमएयूएस-१६२ हा वाण त्याच विद्यापीठाचा आहे. पुण्यातील आघारकर संशोधन संस्थेची ‘एमएसीएस’ मालिका राज्याबाहेरही गेली. तिच्यातील एमएसीएस-१४०७ हा वाण मुख्यतः पूर्व व ईशान्य भारतासाठी आहे.

कोरडवाहू शेतकऱ्यापुढील पेच वाणाच्या मुदतीत दिसून येतो. जेएस-९५-६० यासारखा ९० दिवसांच्या आत पिकणारा वाण हलक्या जमिनीत पावसाळ्याच्या अखेरीच्या टंचाईतून सुटतो व रब्बीच्या हरभऱ्यासाठी शेत लवकर मोकळे करतो. परंतु परतीचा पाऊस लांबला, तर त्याच्या पक्व शेंगा भिजतात. उशिरा पिकणारा वाण पावसाचा खंड भरून काढू शकतो, पण सप्टेंबर कोरडा गेल्यास त्याचे दाणे भरत नाहीत. २०१९ च्या ऑक्टोबरमधील अवकाळी पावसाने काढणीला आलेले पीक भिजले, बियाण्याची प्रत खालावली आणि २०२० च्या खरिपात उगवण न झाल्याच्या तक्रारी मराठवाडा व विदर्भातून मोठ्या प्रमाणावर आल्या. एका हंगामाचा आघात बियाण्यावाटे पुढच्या हंगामात कसा उतरतो, हे त्यावरून दिसून आले.

मूल्यमापन : भारताचे सोयाबीनचे सरासरी उत्पन्न दर हेक्टरी सु. एक टनाच्या आसपास रेंगाळले असून अमेरिका व ब्राझील यांचे सरासरी उत्पन्न त्याच्या तिपटीच्या घरात आहे. या तफावतीस अल्प मुदतीचा पावसाळी हंगाम, हलक्या जमिनी, कमी निविष्टा व जुन्या वाणांचा दीर्घकाळ वापर ही कारणे आहेत. ती सर्व केवळ वाण बदलून दूर होणारी नाहीत. जेएस-३३५ च्या यशाची दुसरी बाजूही लक्षात घ्यावी लागते. अनेक ठिकाणी उत्तम ठरलेला हा वाण मोठ्या क्षेत्रावर एकटाच पसरला. पिवळा मोझॅक व तांबेरा यांना तो बळी पडत असल्याने रोगाची साथ आली की, नुकसानही तितकेच विस्तृत झाले. स्थळांच्या दृष्टीने स्थिर असलेला वाण वर्षांच्या दृष्टीने अस्थिर ठरू शकतो.

एका शतकाच्या या अनुभवातून कार्यपद्धती निश्चित झाली आहे. प्रदेशानुसार फुलोऱ्याची वेळ जुळविणे, प्रतिकारशक्तीचे अनेक उगम एकत्र आणणे, रानटी व स्थानिक प्रकारांतून आनुवंशिक पाया रुंदावणे आणि चाचण्यांत चांगल्या शेतांबरोबर हलक्या जमिनी व उशिराच्या पेरण्या यांचा समावेश करणे, ही तिची अंगे होत. शेतकऱ्याच्या पातळीवर तिचा अर्थ असा की, वेगवेगळ्या मुदतींचे दोन-तीन वाण थोड्याथोड्या क्षेत्रावर पेरले, तर एका वाणाचे अपयश संपूर्ण हंगामाचे अपयश होत नाही.